शिंपीतले रुपे आणि शिंपीतला घास

वेदान्तावरील ग्रंथांतून शिंपीचा दृष्टान्त किती वेळा आला असेल याची गणती करणे कठीण आहे. उन्हात पडलेल्या शिंपीवर रुप्याचा भास होतो, जवळ जाताच तो मावळतो. तद्वत ब्रह्माच्या ठायी जगाचा भास होतो, हे शिष्याच्या गळी उतरविण्यासाठी ‘शुक्तिरजत’ हे उदाहरण आमच्या पंडितांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरले. कवींनी त्याच शिंपीत स्वातीचा थेंब टाकला आणि मोती पिकविला. पंडितांस रुपे दिसले, कवींस मोती दिसला. परंतु त्या शिंपीत एक जीव राहतो, ती उकळत्या पाण्यात घातली म्हणजे आपोआप उघडते, आणि आतील मांस ओल्या खोबऱ्याच्या वाटपात शिजवून कोकणातील व गोव्यातील असंख्य कुटुंबे ते भाताशी खातात, ही अगदी साधी गोष्ट मात्र आमच्या शिष्ट वाङ्मयात फार उशिरा आली. जी वस्तू दृष्टान्तात चालते ती ताटात चालत नाही, आणि जी ताटात चालत नाही ती लेखणीतही येत नाही, असा हा क्रम आहे. तो कसा पडला, अलीकडे कसा पालटू लागला आहे, आणि पालटला म्हणजे सर्व काही साधले असे मानावे की काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम शब्दांविषयी. कवचात राहणाऱ्या खाद्य जलचरांना एकत्रितपणे ओळखणारा घरगुती मराठी शब्द नाही. ‘कवचधारी जलचर’ हा शब्द पाठ्यपुस्तकाचा. तो कोणत्याही चुलीपाशी ऐकू येत नाही. याचे कारण मराठी भाषेचे दारिद्र्य नसून तिची संपन्नता हे आहे. किनाऱ्यावरील माणसाला तिसऱ्या, शिवल्या, खुबे, मुळे, कालवे, शिणाणे, कोळंबी, करंदी, जवळा, शेवंड, कुर्ली, चिंबोरी ही सर्व निरनिराळी नावे हवीत. कारण प्रत्येकाची जागा, भरती-ओहोटीची वेळ, सोलण्याची रीत आणि रश्शाची चव निराळी. सोललेली कोळंबी वाळविली म्हणजे तिचे ‘सोडे’ होतात, आणि सोडे म्हटले की ती कोळंबी राहत नाही. समुद्रापासून दूर पूर्वेकडे, भंडारा जिल्ह्यात आलो म्हणजे ही यादी आखूड होते, पण संपत नाही. तेथे तलावातले आणि नदीतले ‘झिंगे’ आहेत, धानाच्या बांध्यांतले खेकडे आहेत, आणि आठवडी बाजारात मिळणारी सुकट आहे. वैनगंगेचे पाणी पुढे प्राणहितेच्या वाटेने गोदावरीस मिळते. गोदावरीच्या खोऱ्यात आढळणारा गोड्या पाण्याचा मोठा झिंगा वैनगंगेच्या काठच्या लोकांस जुन्या काळापासून ठाऊक आहे. म्हणजे हा विषय केवळ मुंबई-रत्नागिरीचा, आणि विदर्भाने तो दुरून कौतुकाने पाहावा, असा नव्हे.

आम्ही विवेचनासाठी आंधळगाव हे गाव मुद्दाम डोळ्यांपुढे ठेवीत आहो. मोहाडी तालुक्यातील हे गाव कोष्ट्यांच्या मागांसाठी आणि कोशाच्या कापडासाठी ओळखले जाते. भोवती धानाची शेती, आणि शेतीच्या उशाला तलाव व बोड्या, असा या मुलखाचा सर्वसाधारण देखावा आहे. अशा गावात झिंगे आणि खेकडे ही वस्तू चैनीची नव्हती आणि नवलाचीही नव्हती. पावसाळ्यात बांध्या भरल्या म्हणजे खेकडा बांधाला बिळे पाडतो, बिळातून पाणी झिरपते, आणि शेतकऱ्याचा बांध फुटण्याची वेळ येते. तेव्हा खेकडा धरणे हे शेतीचे रक्षण, आणि तो शिजविणे हा त्या रक्षणाचा मोबदला, असा सरळ हिशेब होता. तरीही या हिशेबाची नोंद ज्या घरात वर्तमानपत्र येते त्या घराच्या बोलण्यात क्वचितच होई. खेकडा सर्वांच्या शेतात होता. पण तो ‘खातात’ कोण, असे विचारले की बोट नेहमी गावाच्या दुसऱ्या टोकाकडे वळे.

आता आमच्या पाकवाङ्मयाकडे पाहू. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. मराठी मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघराचा इतिहास लिहावयाचा झाल्यास या पुस्तकास वगळून चालणार नाही. लेखिका मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातील. त्या समाजात मत्स्याहार हा लपविण्याचा विषय नव्हता. त्यामुळे शाकाहारी पदार्थांच्या जोडीने मासे व मांस यांच्या पाककृती या पुस्तकात कोणतीही क्षमायाचना न करता येतात. हा त्यांचा गुण आम्हांस मोठा वाटतो. पदार्थ लिहिताना लेखिका वाचकाच्या जातीची चाहूल घेत बसत नाही. ती आपल्या घरात जे शिजते ते शिजविण्याची रीत सांगते, आणि घेणाऱ्याने घ्यावे, न घेणाऱ्याने पान उलटावे, एवढा विश्वास वाचकावर टाकते. मात्र हाही समाज शहराचा, सुखवस्तू आणि बाजारातून निवडून घेणाऱ्यांचा होता, हे विसरता कामा नये. ज्याच्या घरी मासळी टोपलीतून दाराशी येते त्याची पाककृती एका ठिकाणापासून सुरू होते. जिला ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात वाकून शिवल्या वेचाव्या लागतात तिची पाककृती त्याच्या पुष्कळ अगोदर सुरू झालेली असते. हा अगोदरचा भाग पाकवाङ्मयात नाही. पाकपुस्तकाचे ते कामही नव्हे. परंतु अनेक वर्षे अन्नाविषयीचे जवळजवळ सर्व लेखन पाकपुस्तकेच करीत होती, आणि म्हणून तो भाग वाङ्मयातच आला नाही.

येथे एक शंका उपस्थित होण्याचा संभव आहे. कवचातील अन्नाविषयीचा दुरावा हा धर्मनियमांतून आला, आणि धर्मनियमांचे गुणदोष पाहणे हे वाङ्मयसमीक्षकाचे काम नव्हे, असे कोणी म्हणेल. नियम आणि किळस या दोन गोष्टी निराळ्या आहेत, एवढेच या शंकेस आमचे उत्तर आहे. नियमाचे उत्कृष्ट उदाहरण कुलाबा जिल्ह्याच्या म्हणजे आजच्या रायगडच्या किनाऱ्यावरच सापडते. मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक तेथे तेल गाळण्याचा धंदा करीत. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्या परंपरेत अशी कथा सांगतात की, डेव्हिड रहाबी नावाचा एक यहुदी गृहस्थ त्यांच्याकडे आला, आणि हे खरोखर आपल्याच धर्माचे आहेत काय हे पाहण्यासाठी त्याने त्यांच्या बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली. बायकांनी पर व खवले असलेले मासे निवडून घेतले आणि बाकीची मासळी बाजूला सारली. त्याची परीक्षा तेथेच संपली. कथेची ऐतिहासिक बाजू कशीही असो. धर्मग्रंथ हाताशी नसता, हिब्रू भाषा विसरली असता, एका जमातीची ओळख कोळंबी न शिजविण्याच्या सवयीत टिकून राहिली, ही कल्पना विलक्षण आहे. ज्या वर्ज्यतेवर आपले आपलेपण अवलंबून असते, तिला आम्ही नमस्कारच करतो.

त्याच किनाऱ्यावरील कोकणी मुसलमान शाफई मताचे; त्या मताप्रमाणे समुद्रातील अन्न सामान्यतः ग्राह्य असल्याने त्यांच्या स्वयंपाकात कोळंबी, खेकडे, तिसऱ्या मोकळेपणाने येतात. हिंदुस्थानातील बहुसंख्य मुसलमान हनफी मताचे; त्या मतात मासा चालतो, खेकडा-शिंपले चालत नाहीत, आणि कोळंबीला मासा म्हणावे की नाही यावर विद्वानांत वाद आहे. सारस्वत ब्राह्मण मासे खातात. देशस्थ, चित्पावन व कऱ्हाडे घरांत ते परंपरेने वर्ज्य. माळ घातलेला वारकरी कोणत्याही जातीचा असो, मत्स्यमांस सोडतो. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनाचे वर्णन आहे. त्यात मासे आहेत आणि कासवही आहे. म्हणजे ‘आपल्याकडे पूर्वी असे नव्हते’ या वाक्यातील ‘आपल्याकडे’ आणि ‘पूर्वी’ हे दोन्ही शब्द तपासून घेतले पाहिजेत. एकाच किनाऱ्यावर, एकाच ओहोटीत सापडलेली शिंपी चार घरांत चार अर्थ धारण करते. या चारही घरांत नियम आहे. नियम पाळणारा दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून नाक मुरडीलच असे नाही. नाक मुरडणे ही पुढची पायरी आहे, आणि ती धर्माने चढवलेली नसून प्रतिष्ठेने चढवलेली आहे.

प्रतिष्ठा आणि कवच यांचा संबंध पाहण्यासाठी क्षणभर इंग्लंडकडे वळू. डिकन्सच्या ‘पिक्विक पेपर्स’ या १८३६-३७ साली क्रमशः निघालेल्या कादंबरीत सॅम वेलर हा चतुर नोकर आपल्या धन्यास असे सुचवितो की, वस्ती जितकी गरीब तितकी तेथे कालवांची दुकाने अधिक. दारिद्र्य आणि कालवे यांची संगत काही सुटत नाही. आमच्या विद्यार्थ्यांना हे वाचताना हसू येते, पण कोठे हसावे ते कळत नाही. कारण त्यांनी कालवे पाहिलेली असतात ती आगगाडीइतक्या लांब नावाच्या हॉटेलांच्या भोजनपत्रिकेत, बर्फाच्या थाळीवर. झाले असे की, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अति उपशाने इंग्लंडच्या किनाऱ्यावरील कालवांची शेते ओसाड पडली, माल दुर्मिळ झाला, भाव चढला, आणि भावाबरोबर कालवांची जातही चढली. चव तीच, प्राणी तोच. बदलली ती खाणाराची पत. आमच्याकडे हीच गोष्ट कोळंबीच्या बाबतीत झाली. १९५० नंतरच्या दशकात कोचीनहून गोठविलेली कोळंबी अमेरिकेस जाऊ लागली, आणि आज भारतातून परदेशी जाणाऱ्या मासळीत किमतीने पहिला क्रमांक गोठविलेल्या कोळंबीचाच आहे. जी वस्तू परदेशी माणूस डॉलर मोजून घेतो ती ओंगळ कशी म्हणावी? मध्यमवर्गाच्या मनातील अर्धी किळस या एका प्रश्नाने धुऊन नेली. पण त्याच भावामुळे जाळे टाकणाऱ्याच्या घरात चांगली कोळंबी शिजेनाशी झाली, ही या मतपरिवर्तनाची दुसरी बाजू आहे, आणि तिच्याविषयी पाकरसिकांचे लेखन मौन पाळते.

आंधळगावासारख्या गावात हे परिवर्तन कसे दिसते? तेथील एका सुशिक्षित कुटुंबात आम्हांस जे ऐकावयास मिळाले ते फार बोलके होते. घरातील आजीबाई, वय ऐंशीच्या पुढे, सुके झिंगे व वांगी यांची भाजी करीत. ती चूल घराच्या मागच्या अंगास होती आणि भांडी निराळी होती. सूनबाईंनी, ज्या शिक्षिका आहेत, मुलांना बजावून ठेवले होते की शाळेत डब्याविषयी कोणी विचारले तर ‘वांग्याची भाजी’ एवढेच सांगावे. ते खोटे नव्हते, अर्धे होते. आता त्यांचा मुलगा नागपुरास नोकरीस आहे, आणि तेथील उपाहारगृहात मित्रांना घेऊन जाऊन ‘झिंगा मसाला’ मागवितो, त्याचे छायाचित्र घरी पाठवितो. आजीबाईंनी ते पाहून विचारले, “हे एवढे पैसे देऊन खाल्लं, मग माझ्या हातचं खातानी दार कायले लावत होते?” या प्रश्नाचे उत्तर त्या घरात कोणी दिले नाही. आमच्या मते मराठी समीक्षेनेही ते अजून दिलेले नाही.

याच गावाच्या धंद्याकडे पाहिले तर हा प्रश्न आणखी अवघड होतो. कोशाचे कापड आमच्याकडे सोवळ्याचे मानतात. पूजेस, श्राद्धास, शुभकार्यास ते नेसतात. आता हे कापड येते कोठून? ऐन, अर्जुन यांसारख्या झाडांवर कोशाचे किडे वाढवितात, ते आपल्याभोवती टणक कवच विणतात, आणि धागा अखंड निघावा म्हणून तो कोसा आतील जिवासकट उकळत्या पाण्यात घालतात. विदर्भाच्या या भागात कोशाचे किडे पाळणारांत ढिवरांचा भरणा मोठा आहे. तेच ढिवर तलावात जाळे टाकतात आणि झिंगे धरतात. म्हणजे तोच हात दोन कवचे पाण्यात उकळण्यासाठी पुरवितो. एका कवचातून निघाले ते देवघरात गेले. दुसऱ्यातून निघाले ते मागच्या दाराने गेले. याहून गंमत अशी की, रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथात नमूद आहे की, ढिवरांच्या हातचे पाणी वरिष्ठ जातींस चालत असे. घरोघर पाणी भरणे हा त्यांचा एक धंदाच होता. त्याने भरलेली घागर स्वच्छ, त्याने विकलेला झिंगा ओंगळ! किनाऱ्यावरही असेच. शिंपल्यांची भट्टी लावून काढलेला चुना घराच्या भिंतींस लागे आणि विड्याच्या पानासही लागे. शंखभस्म आणि शुक्तिभस्म ही तर वैद्याच्या पेटीतील नित्याची औषधे. शिंपी भाजून तिची राख केली म्हणजे ती पोटात चालते. आतील घास शिजविला म्हणजे चालत नाही.

या विसंगतीची थट्टा करणे सोपे आहे, आणि थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. सोवळे नेसणाऱ्याची श्रद्धा खरी असते. तिला तर्काच्या काट्यावर तोलून तिचे वजन कमी भरले म्हणून ती खोटी ठरत नाही. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, शुद्धाशुद्धतेची रेषा वस्तूच्या अंगी नसून वस्तू कोणाच्या घरात जाते यावर ओढली गेली आहे. ही गोष्ट ज्यांच्या बाजूने रेषा ओढली गेली त्यांच्या लेखनात दिसत नाही. ती दिसते रेषेच्या पलीकडून लिहिलेल्या पुस्तकांत. म्हणून या विषयाचा खरा वाङ्मयीन इतिहास आत्मचरित्रांपासून सुरू होतो.

उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ हे आत्मकथन २००३ साली प्रसिद्ध झाले. रत्नागिरीजवळील फणसवळे गावातील त्यांचे बालपण, टोपल्या-सुपे विणणारी आई, आणि डोक्यावर ओझी घेऊन रत्नागिरीच्या बाजाराची वाट तुडविणाऱ्या बायका यांचे जे चित्र तेथे उमटले आहे, त्यात अन्न ही केवळ चवीची बाब राहत नाही. अन्न मिळवावे लागते, वाटावे लागते, पुरवावे लागते, आणि त्यावरून माणसाची पायरी ठरते. कोकणाविषयीच्या रम्य लेखनाने माडांच्या सावलीत वाढलेले ताट आम्हांस वारंवार दाखविले. ‘आयदान’ने त्या ताटामागील पायपीट दाखविली. त्यातील गुण हा की लेखिका दुःखाचे प्रदर्शन मांडीत नाही. खाण्याचे सुख सांगावयाचे तेथे ती सुखाने सांगते, आणि अपमान सांगावयाचा तेथे आवाज न चढविता सांगते. गरिबीतील अन्नाविषयी लिहिताना सुख आणि अपमान दोन्ही एकाच घासात असतात, हे ज्याला कळले त्यालाच हा विषय कळला.

पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने २००९ साली दलितांच्या अन्नस्मृती गोळा करणारे एक इंग्रजी पुस्तक काढले आणि ‘हे ताट भारतीय नव्हे काय?’ या अर्थाचा प्रश्न त्याच्या नावातच विचारला. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली आले. मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीचा हा आलेख. २०२४ साली त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले. ज्या मुलखात समुद्र नाही आणि ज्याच्या अन्नाविषयी कोणी पाकपुस्तक लिहिले नाही, तेथील चुलीची नोंद या पुस्तकाने केली. त्याच्या नावातील ‘अपूर्ण’ हा शब्द कित्येकांस खटकला. आम्हांस तो नेमका वाटतो. भोजनापूर्वी जे वचन आपण म्हणतो त्यात अन्नाला पूर्णब्रह्म म्हटले आहे. परंतु ब्रह्म पूर्ण आणि त्याची यादी अपूर्ण, अशी आमच्या पाकवाङ्मयाची स्थिती होती. लेखकाने वचनाची विटंबना केली नसून यादीतील उणीव दाखविली आहे. मात्र एक अपेक्षा आम्ही नोंदवितो. पाटोळे यांनी मराठवाड्यासाठी जे केले ते झाडीपट्टीसाठी, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या तलावांच्या मुलखासाठी, अजून व्हावयाचे आहे. तेथील झिंग्याला आणि खेकड्याला त्यांचा लेखक हवा आहे.

खेकड्याचे नाव निघाले म्हणून आणखी एका गोष्टीचा परामर्श घेतो. मराठी माणसाने स्वतःविषयी सांगण्याची आवडती कथा म्हणजे खेकड्यांच्या टोपलीची: टोपलीस झाकण लागत नाही, कारण एक खेकडा वर चढू लागला की दुसरे त्याचे पाय ओढतात. व्याख्यानपीठांवरून ही कथा इतक्यांदा सांगितली गेली आहे की ती म्हण होऊन बसली आहे. समीक्षकाच्या दृष्टीने या रूपकात एक दोष आहे: ते रचणाराने टोपली स्वतः कधी वाहिलेली दिसत नाही. ज्याला खेकडे बाजारास न्यावयाचे असतात तो त्यांच्या नांग्या बांधतो आणि टोपलीही झाकतो. पकडून कोंडलेला प्राणी हाती लागेल त्याचा आधार धरतो, त्यात हेव्याचा प्रश्न येत नाही. खेकड्याशी ज्यांचा रोजचा संबंध, त्यांच्या बोलण्यात तो हेकट, चिवट, पावसाची चाहूल लागताच बिळाबाहेर येणारा प्राणी आहे. हेवेदावे त्याच्या गळ्यात आमच्या शिष्ट वक्त्यांनी बांधले. शिंपीत रुपे पाहणारी आणि टोपलीत मत्सर पाहणारी दृष्टी एकच: वस्तू दुरून पाहावयाची आणि तिच्यात आपल्या मनातील पाहावयाचे.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. अहिंसेच्या दृष्टीने कोणी म्हणेल की, किळस कोणत्याही कारणाने आली असो, तिच्यामुळे काही जीव वाचत होते. ती घालविण्यात कोणते भूषण? हे म्हणणे आम्ही हलके मानीत नाही. ज्याने विचाराने आणि करुणेने मांसाहार सोडला त्याच्यापुढे आमचा युक्तिवाद नाही. परंतु करुणेची खूण अशी की ती प्राण्यावर असते तशी माणसावरही असते. खेकड्याची दया येते आणि खेकडा खाणाऱ्याच्या पोराची येत नाही, त्या वृत्तीस करुणा हे नाव शोभत नाही. दुसरे म्हणणे याच्या उलट टोकाचे आहे: आता सर्व मोकळे झाले, खाद्यमहोत्सव भरतात, कोळंबीवर रसाळ लेख येतात, मग तक्रार कसली? आमची तक्रार या रसाळ लेखांविषयीच आहे. त्यांत मसाल्याचे वर्णन असते, पकडणाऱ्याचे नसते. पूर्वीच्या मौनाने ढिवराला लपविले. आताची वाहवा त्याला वगळते. दोहोंत तो पानावर नाहीच.

आणि त्याची हकीकत तर आज सर्वांत निकडीची आहे. गोंडराजांच्या काळात कोहळी समाजाने हे तलाव बांधले. पुढे मालगुजारांच्या ताब्यात ते मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. मालगुजारी गेली हे न्याय्यच झाले. पण गाळ काढणे, पाळ राखणे ही वर्षानुवर्षांची कामे कोणाची, हा प्रश्न लोंबकळत राहिला. पुष्कळ तलाव गाळाने उथळ झाले आणि त्यांत बेशरमीची झुडपे माजली. धानावर पडणाऱ्या विषारी औषधांचे पाणी शेवटी बोडीतच उतरते. ढिवरांच्या सहकारी संस्था मासेमारीचा ठेका घेतात तेव्हा लवकर वाढणाऱ्या, विकत आणलेल्या माशांच्या बीजावर सर्व भिस्त असते, आणि काठच्या पाणवनस्पतींत वाढणारा गावठी मासा व झिंगा मागे पडतो. गोंदिया जिल्ह्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्याच जुन्या ज्ञानाच्या आधारे बेशरम काढून, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावून काही तलाव सुधारले, ही आशेची गोष्ट आहे. तिचे मर्म असे की कोणत्या गवतात कोणता जीव अंडी घालतो हे ज्यांना ठाऊक होते त्यांना प्रथमच कोणी विचारले. कोकणात सिंधुदुर्गाच्या खाड्यांतही बायकांच्या बचत गटांनी खेकडे व कालवे यांच्या संवर्धनाचे काम हाती घेतले. ज्या गोष्टीची लाज बाळगावयास शिकविले गेले तीच गोष्ट ज्ञान म्हणून विचारली जाऊ लागली, तर मतपरिवर्तन खरे झाले असे म्हणता येईल.

असो. विस्तार झाला, निष्कर्ष थोडक्यात सांगतो. कवचातील अन्नाविषयीची आमची वृत्ती दोन वेळा पालटली. प्रथम ते कोणाचे तरी रोजचे अन्न होते आणि वाङ्मयात नव्हते. नंतर ते लाजेचे झाले आणि आत्मचरित्रांतून प्रकट झाले. आता ते कौतुकाचे झाले आहे आणि जाहिरातीच्या भाषेत लिहिले जात आहे. या तिसऱ्या अवस्थेत समाधान मानू नये असे आमचे सांगणे आहे. वाचकांनी खावे की न खावे हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न. त्यात समीक्षकाने पडू नये. पण लिहावे की न लिहावे हा प्रश्न भाषेचा आहे, आणि भाषा सर्वांची आहे. झाडीपट्टीत झिंग्यांच्या जातींना, ते धरण्याच्या बांबूच्या सापळ्यांना, तलावाच्या पाण्याच्या थरांना आणि काठच्या गवतांना जे शब्द आहेत ते आज ऐंशी वर्षांच्या बायकांच्या आणि पुरुषांच्या तोंडी आहेत. आमच्या महाविद्यालयांतून मराठीचे शेकडो पदवीधर दरवर्षी बाहेर पडतात. त्यांतील पाचदहा जणांनी जरी आपल्या आजीच्या मागच्या चुलीपाशी बसून हे शब्द उतरून घेतले, तर कोशात भर पडेल. शिवाय त्या निमित्ताने मधले दार उघडावे लागेल, हा लाभ कोशाहून मोठा आहे.